प्राचीन गाळाच्या खडकांतील सेंद्रिय कार्बनाचे जतन

सजीवांच्या अवशेषांतून आलेला व विघटनापासून बचावून कोट्यवधी वर्षे गाळाच्या खडकांत टिकून राहिलेला कार्बन म्हणजे प्राचीन सेंद्रिय कार्बन होय. तो मुख्यतः शेल या सूक्ष्मकणी खडकात आढळतो. त्याचा बहुतांश भाग केरोजेन या जटिल, सामान्य द्रावकांत न विरघळणाऱ्या पदार्थाच्या रूपात असतो. पृथ्वीवरील सेंद्रिय कार्बनाचा हा सर्वांत मोठा साठा आहे.

जतनाची कारणे

सागरातील वनस्पतिप्लवक जे सेंद्रिय द्रव्य तयार करतात, त्यापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग तळाच्या गाळात कायमचा गाडला जातो. उरलेल्याचे प्राणी व सूक्ष्मजंतू विघटन करतात. हा अल्प अंश टिकण्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

• ऑक्सिजनचा अभाव : काळ्या समुद्राच्या खोल पाण्यात ऑक्सिजन नसतो. अशा तळाशी बिळे करणारे प्राणी जगत नाहीत, त्यामुळे गाळ ढवळला जात नाही आणि विघटन मंदावते.
• गाळ साचण्याचा वेग : अवशेष लवकर झाकले गेल्यास ऑक्सिजनशी त्यांचा संपर्क तुटतो. मात्र गाळ फारच वेगाने साचल्यास त्यातील कार्बनाचे प्रमाण विरळ होते.
• मृत्तिका खनिजे : चिकणमातीच्या कणांना चिकटलेल्या रेणूंपर्यंत सूक्ष्मजंतूंची विकरे सहज पोहोचत नाहीत.
• गंधकाशी संयोग : ऑक्सिजनरहित गाळातील हायड्रोजन सल्फाइडामुळे काही रेणू परस्परांशी जोडले जाऊन अधिक टिकाऊ बनतात.

खोलीवरील रूपांतर

गाळ खोल गाडला गेला की तापमान व दाब वाढून केरोजेन तयार होते. सु. ६० ते १५० °से. तापमानात त्यापासून खनिज तेल, अधिक तापमानाला नैसर्गिक वायू आणि अखेरीस ग्रॅफाइट बनते. १९७४ मध्ये तेल सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रातील तेलाचा उगमही अशाच शेल खडकांत आहे.

प्राचीन जीवसृष्टीचा पुरावा

प्रकाशसंश्लेषणात कार्बन-१२ हा हलका समस्थानिक अधिक प्रमाणात घेतला जातो. ग्रीनलंडमधील इसुआ येथील सु. ३७० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतील ग्रॅफाइटात तो अधिक आढळल्याने ते जैविक असावे असे काही संशोधक मानतात. तथापि याविषयी मतभेद आहेत. अशा पुराव्यात नंतरच्या मिश्रणाचा धोका असतो. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा प्रदेशातील सु. २७० कोटी वर्षांपूर्वीच्या शेलमध्ये दृश्यकेंद्रकी सजीवांचे रासायनिक अवशेष सापडल्याचे १९९९ मध्ये जाहीर झाले होते. मात्र प्रदूषण टाळून काढलेल्या नव्या नमुन्यांत ते मिळाले नाहीत आणि २०१५ मध्ये तो निष्कर्ष मागे पडला.

महत्त्व

सेंद्रिय द्रव्य कुजताना ऑक्सिजन खर्च होतो. ते गाडले गेल्यास तेवढा ऑक्सिजन शिल्लक राहतो. वातावरणातील ऑक्सिजनचा साठा दीर्घकाळात प्रामुख्याने याच मार्गाने घडला. खडक उघडे पडून झिजले की हा कार्बन पुन्हा हवेत जातो. निसर्गात याला लक्षावधी वर्षे लागतात. खनिज इंधनांच्या ज्वलनाने मानव तेच काम काही शतकांत घडवीत आहे.