जॅग्वार ई-टाइप : खरेदीतील मूळपण आणि अवस्था

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९६१ ते १९७४ या काळात तयार झालेली स्पोर्ट्स कार. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. तिचा आकार माल्कम सेयर या वायुगतिकीच्या जाणकाराने ठरवला. कारखान्याचे प्रमुख विल्यम लायन्स होते. पहिल्या गाड्यांना ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन होते, १९६४ च्या ऑक्टोबरपासून ४.२ लिटरचे आले आणि १९७१ मध्ये बारा सिलिंडरचे. एकूण ७२,००० हून अधिक गाड्या बनल्या. जुन्या स्पोर्ट्स कारच्या खरेदीत मूळपण मोलाचे की अवस्था, या वादासाठी हिच्याइतके चांगले उदाहरण नाही. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नवा मिळतो, अगदी संपूर्ण सांगाडादेखील. पैसा ओतला की कोणतीही भंगार ई-टाइप चकचकीत होऊ शकते.

मूळपण म्हणजे कारखान्यातून निघताना गाडीवर जे होते, ते आजही तिच्यावर असणे. अवस्था म्हणजे ती आज किती धडधाकट आहे. साठ वर्षे जुना, विरलेला रंग आणि भेगाळलेले कातडे असलेली गाडी मूळपणात अव्वल आणि अवस्थेत सामान्य असू शकते. नव्या पत्र्याची, नव्या रंगाची गाडी याच्या बरोबर उलट. जाहिरातीत मात्र दोन्हीचे कौतुक एकाच दमात केलेले असते.

ई-टाइपचा मधला भाग पत्र्याचा एकसंध सांगाडा असून त्याच्या पुढे चौकोनी नळ्यांची फ्रेम बोल्टने जोडलेली आहे. इंजिन, पुढचे सस्पेन्शन आणि भलेमोठे बॉनेट याच फ्रेमवर पेलले जाते. या नळ्या आतून गंजतात आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. दाराखालची पेटीसारखी सिल आणि तळाचा पत्रा यांवर गाडीची ताकद अवलंबून असते, आणि पाणी साचते तेही तिथेच. सिल कुजून पुढे वरून नवा पत्रा चढवला असेल, तर दार आणि चौकट यांतली फट वरखाली वेगवेगळी दिसते. दार उघडून किंचित उचलावे, कडी लागताना ते घासते का पाहावे. पत्र्यावर चुंबक फिरवला की पुट्टीचे थर कळतात. कारखान्यातही सांध्यांवर शिसे भरून घासत असत, त्यामुळे सांध्यापाशी चुंबक कमी धरला म्हणून लगेच गाडी नापास करू नये. मागचे डिस्क ब्रेक चाकांत नसून मध्ये डिफरन्शियलला लागून आहेत. ते नीट करायचे तर मागचा अख्खा जोड खाली उतरवावा लागतो, म्हणून बऱ्याच मालकांनी ते काम पुढे ढकललेले असते.

खरी गंमत क्रमांकांची आहे. सहा सिलिंडरच्या गाडीचा चासी क्रमांक त्या पुढच्या फ्रेमवरच, उजव्या बाजूच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या जोडाजवळ ठोकलेला असतो. म्हणजे जो भाग गंजून बदलावा लागतो, त्याच्यावरच गाडीची ओळख! फ्रेम बदलणाऱ्याने नव्या नळीवर क्रमांक पुन्हा ठोकला असेल, तर अक्षरांचे वळण आणि खोली निराळी येते. इंजिनचा क्रमांक ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वर आणि सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला असतो. त्याच्या शेवटच्या अंकावरून दाबाचे गुणोत्तर कळते. गिअरबॉक्स आणि बॉडी यांचेही वेगळे क्रमांक आहेत. हे सगळे जॅग्वारच्या वारसा न्यासाकडे असलेल्या कारखान्याच्या नोंदींशी जुळले, की गाडीला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात. न्यासाच्या प्रमाणपत्रात मूळ रंग, अंतर्भागाचा रंग आणि गाडी कोणत्या विक्रेत्याकडे गेली हेही लिहिलेले असते. बहुतांश गाड्या अमेरिकेला गेल्या होत्या. आज ब्रिटनमध्ये विकायला असलेल्या उजव्या स्टीअरिंगच्या अनेक गाड्या मुळात डाव्या स्टीअरिंगच्या आहेत, आणि तेही या प्रमाणपत्रावरून उघड होते.

मूळपणाचा प्रश्न न्यायालयातही गेला आहे, पण ई-टाइपच्या निमित्ताने नव्हे. १९२९ आणि १९३० ची ल मांस शर्यत जिंकणाऱ्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीचा सौदा मोडला, कारण तिच्यात मूळ धातू फारसा उरला नसल्याची तक्रार खरेदीदाराने केली. १९९० मध्ये लंडनच्या न्यायाधीशांनी निकाल दिला : भाग बदलले तरी गाडीचा इतिहास कुठे तुटलेला नाही, म्हणून ती तीच गाडी. हा निकाल अनेक संग्राहकांच्या पचनी पडलेला नाही, पण बाजाराला त्याने एक धडा दिला. धातूइतकेच कागदांना महत्त्व आहे. दुरुस्तीची बिले, जुनी छायाचित्रे आणि मालकांची साखळी यांना किंमत आहे.

अलीकडे पारडे मूळपणाकडे झुकले आहे. अमेरिकेतील पेबल बीचच्या स्पर्धेत जपून ठेवलेल्या, न रंगवलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेच्या ट्युरिन सनदेनेही (२०१२) पुनर्बांधणीआधी जतनाला स्थान दिले. तरी हा आग्रह ई-टाइपला सरसकट लावणे धोक्याचे आहे. कातडे, घड्याळे, काचा, रंग यांचे मूळपण जपावे. गंजलेली फ्रेम ‘मूळ’ म्हणून तशीच ठेवणे हा शुद्ध वेडेपणा, कारण ती ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगासाठी बनलेली गाडी आहे. बदल करायचाच तर परत काढता येईल असा करावा. जास्त ताकदीचा पंखा किंवा पाच गिअरची पेटी बसवली, तर मूळ भाग खोक्यात जपून ठेवावेत; विकताना त्या खोक्याचे पैसे वसूल होतात. ३.८ लिटरच्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसतो आणि आसनेही फारशी सुखाची नाहीत, म्हणून चालवायला घेणारे बहुधा ४.२ पसंत करतात.

दोन गाड्यांपैकी एकीचे इंजिन मूळ पण सिल कुजलेली, आणि दुसरीचा सांगाडा खणखणीत पण इंजिन बदललेले, असा पेच पडला तर चालवणाऱ्याने दुसरी घ्यावी. पहिली घ्यायची तर पत्र्याच्या कामाचा पूर्ण खर्च किमतीतून आधी वजा करून. नुसत्या नव्या रंगासाठी जादा पैसे मोजू नयेत. रंगाखाली काय आहे हे दाखवणारी कामाची छायाचित्रे नसतील, तर तो रंग किमतीत धरूच नये.

भारतात २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचे ५,००० रुपये. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. तेव्हा इथे ई-टाइप घेणाऱ्याने सौदा पक्का करण्याआधी बॉनेट उघडून फ्रेमवरचा क्रमांक नोंदणी पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावा.