इमादशाहीची अखेर : शोकात्मिकेच्या दृष्टीने

वऱ्हाडची इमादशाही (१४९०–१५७४) ही बहमनी राज्याच्या विघटनातून उदयास आलेल्या पाच शाह्यांपैकी एक होय. एलिचपूर (सध्याचे अचलपूर) ही तिची राजधानी. आजच्या अमरावती जिल्ह्यातील गाविलगड व अकोला जिल्ह्यातील नरनाळा हे डोंगरी किल्ले तिचे प्रमुख आधार होते. स्वभावदोष व चुकीचे निर्णय यांतून शोकात्मिकेतील अधःपात कसा घडतो, हे या राज्याच्या अखेरीवरून स्पष्ट होते.

ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या नायकाचा ऱ्हास ‘हॅमर्शिया’मुळे होतो, असे म्हटले आहे. या संज्ञेचा अर्थ पुष्कळदा ‘स्वभावदोष’ असा केला जातो. तथापि मूळ ग्रीक शब्दात नेम चुकण्याची कल्पना आहे. दोष मनात असला, तरी ऱ्हास घडतो तो कृतीमुळे. शेक्सपिअरच्या मॅक्‌बेथची महत्त्वाकांक्षा राजहत्येनंतरच त्याला विनाशाकडे नेते.

दर्या इमादशाहानंतर त्याचा अल्पवयीन मुलगा बुऱ्हाण गादीवर आला (१५६२). कारभार तुफालखान या कर्तबगार सरदाराच्या हाती होता. त्याने पुढे बुऱ्हाणला नरनाळ्यावर कैदेत टाकले व सर्व सत्ता बळकावली.

तालिकोटच्या लढाईत (१५६५) दख्खनच्या शाह्या विजयानगरविरुद्ध एकत्र आल्या. वऱ्हाड मात्र अलिप्त राहिले. या निर्णयास कारण नव्हते असे नाही. त्यापूर्वी काही वर्षे, वऱ्हाडचा सेनानी जहांगीरखान अहमदनगरच्या मदतीस गेला असता हुसेन निजामशाहाने रामरायाशी तह करताना त्याचा वध करविला होता. हा राग समजण्याजोगा असला, तरी अलिप्ततेमुळे वऱ्हाड एकाकी पडले. लढाईनंतर लवकरच निजामशाही व आदिलशाही फौजांनी वऱ्हाडात शिरून प्रदेश उद्ध्वस्त केला.

पुढे अहमदनगर व विजापूर यांच्यात तह होऊन वऱ्हाड जिंकण्यास अहमदनगरला मोकळीक मिळाली. मुर्तजा निजामशाहाने चढाईसाठी निमित्त पुढे केले, ते बुऱ्हाणच्या सुटकेचे. सत्ता सुरक्षित करण्यासाठी तुफालखानाने जे कृत्य केले होते, तेच शत्रूचे शस्त्र बनले. त्याने अकबराकडे मदत मागितली. परंतु तिचा उपयोग झाला नाही. अखेर तो नरनाळ्याच्या आश्रयास गेला व त्याचा मुलगा शमशेर-उल्-मुल्क गाविलगडावर राहिला. ज्या किल्ल्यावर त्याने राजाला कोंडले होते, तेथेच तो स्वतः वेढला गेला. निजामशाही वजीर चंगीझखान याने तोफांबरोबर फितुरीचाही अवलंब केला. एप्रिल १५७४ मध्ये नरनाळा पडला. निसटलेला तुफालखान पकडला गेला आणि गाविलगडही शरण आला. मुर्तजाने बुऱ्हाणची सुटका केली नाहीच. तुफालखान, त्याचा मुलगा व बुऱ्हाण हे सर्व कैदेतच मरण पावले.

ही कथा केवळ लोभाच्या शिक्षेची नाही. वऱ्हाड हे तुलनेने दुर्बल राज्य होते आणि अहमदनगरची विस्तारलालसा जुनी होती. पाथरी व माहूर यांवरून संघर्ष दर्याच्या पित्याच्या काळापासूनच चालू होता. प्रामाणिक कारभाऱ्यालाही राज्य टिकविता आले असते, असे निश्चितपणे म्हणता येत नाही. शिवाय या घटनांचा प्रमुख कथनकार फिरिश्ता अहमदनगरला वाढला व विजापूरच्या आश्रयाने लिहिता झाला. त्याचे चित्रण जेत्यांच्या बाजूचे आहे, हे विसरता येत नाही.

तरीही तुफालखानाचे निर्णय त्याचेच होते. बुऱ्हाणला मात्र कोणताही निर्णय घेण्याची संधी कधीच मिळाली नाही. शोकात्मिकेचे नियम तुफालखानाला लागू पडतात. बुऱ्हाणच्या वाट्याला फक्त त्यांचे परिणाम आले. अधःपाताची मीमांसा करताना नायकाच्या चुकीची किंमत इतरांनाही मोजावी लागते, ही बाजू सहसा दुर्लक्षित राहते. वऱ्हाडही अहमदनगरकडे फार काळ टिकले नाही. १५९६ मध्ये चांदबिबीला ते मोगलांच्या स्वाधीन करावे लागले.