स्वतःचे पैसे

परवा नातवाने विचारलं, "आजी, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा तुला पॉकेटमनी किती मिळायचा?" म्हटलं, "मिळायचा नाही रे बाबा, मिळवायला लागायचा!" त्याला नुकतंच चौदावं सरलंय आणि यंदाच्या सुट्टीत स्वतःचे पैसे मिळवायचे असं त्याने ठरवलंय. त्याची आई म्हणते, आधी अभ्यास. दोघांनी मिळून मला पंच नेमलंय. आता शिक्षिकेला बोलायला निमित्तच हवं असतं, तेव्हा मंडळी, थोडं सहन करा.

पुण्यात शिकायला आलेल्या गरीब मुलाची जुनी सोय म्हणजे माधुकरी आणि वार. झोळी घेऊन ठरलेल्या घरी जायचं आणि मिळेल तो भात-पोळी घेऊन यायचं, ही माधुकरी. वार म्हणजे सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. सातही वार लागले की पोटाची चिंता मिटली. एखादा वार रिकामा राहिला की त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचं. माझे आजोबा असेच शिकले. हातात पैसा येत नसे, पण फुकटही काही नसे. कुणाकडे पाणी भर, कुणाच्या मुलाचे पाढे घे. शेवटपर्यंत आजोबा पानात एक शीत टाकत नसत. वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे मात्र कधी बघत नसत, ही सवयही त्या वारांचीच असावी.

1909 साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं, आजचं पुणे विद्यार्थी गृह. पुढे संस्थेचा छापखाना झाला आणि मुलांच्या हाताला काम मिळालं.

एक गोष्ट आमच्या घरात कुणी बोलत नसे, म्हणून मी बोलते. माधुकरी-वारांची ही सोय बहुतेक ब्राह्मण मुलांपुरतीच होती. बाकीच्यांना कोण पंक्तीला बसवणार? त्यांच्यासाठी भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह उघडलं. मुलं स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत आणि शिकत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा गेलं. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज सरकारी योजनेसारखे वाटतात, पण त्यांच्यामागे ही किंमत आहे.

आता आमचं. 12 जुलै 1961. पानशेत फुटलं तेव्हा आम्ही शनिवारात राहत होतो. मी सातवीत, दादा आठवीत. जूनमध्ये घेतलेली नवी पुस्तकं, आईचं शिवणयंत्र, सगळं गेलं. माणसं वाचली. पुढचे काही महिने नातेवाईकांच्या एका खोलीत आम्ही सहा जण होतो.

आईने रद्दीच्या पिशव्या करायला घेतल्या. मैद्याची खळ शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद घालायचा, नाहीतर झुरळं आलीच. कागद कापून घडी घालायची, कडेला खळ लावायची, मग बूड दुमडायचं. सगळं कसब त्या बुडात! मी एकदा घाईघाईने शंभर पिशव्या केल्या आणि वाण्याकडे एका गिऱ्हाइकाची साखर सगळी रस्त्यावर सांडली. वाण्याने अख्खा शेकडा परत पाठवला. आई रागावली नाही. रात्री कंदिलाशी बसून तिने प्रत्येक पिशवीचं बूड पुन्हा चिकटवलं, आणि ते बघत बसणं रागावण्यापेक्षा वाईट होतं.

दादा पहाटे पेपर टाकायचा. जुन्या पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात गेलो, तेव्हा पैसे त्याचेच होते. अर्ध्या किमतीत दोघांची पुस्तकं बसली. माझ्या भूगोलाच्या पुस्तकात आधीच्या मालकाने सगळ्या नद्या निळ्या पेन्सिलीने रंगवून ठेवल्या होत्या. मला ते वर्षभर उघडवत नसे.

एवढं सगळं बघितलेली मी, आणि तरी चुकले. 1982-83 ची गोष्ट. वर्गातला एक मुलगा पहिल्या तासाला रोज पेंगायचा. मी त्याला महिनाभर बाकावर उभं केलं. तो चार वाजल्यापासून दुधाच्या बाटल्या पोचवतो, हे मला त्याच्या आईकडून कळलं, तेही तो शाळा सोडून गेल्यावर. दाखला घ्यायला ती आली होती. मी काय बोलले ते आठवत नाही, बहुधा काहीच बोलले नाही. दादा तेव्हा मुंबईला होता. त्याला मी हे कधीच सांगितलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहिते आहे.

बालकामगारांचा कायदा 1986 चा. 2016 च्या दुरुस्तीने चौदाच्या आतल्या मुलांना कामावर ठेवणंच बंद झालं. शाळा सांभाळून घरच्या उद्योगात हातभार लावायला तेवढी सूट आहे, चौदा ते अठराला धोक्याची कामं वर्ज्य. म्हणजे आमच्या पिशव्या चालल्या असत्या, दादाचा पेपर चालला नसता! कायदा बरोबरच आहे. पण पुस्तकं मात्र दादाच्या पेपरांवरच आली.

तर पंचांचा निकाल: काम सकाळी नाही, शाळेच्या दिवसात नाही. नातवाने सोसायटीतल्या आज्यांना मोबाइल शिकवायचं काढलंय, तासाला पन्नास रुपये. पहिली विद्यार्थिनी मीच. पन्नासची नोट दिली तर म्हणाला, "आजी, ऑनलाइन पाठव, तोच तर आजचा धडा आहे."

तीनदा चुकलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, न चिडता.