फुसका बार आणि काळ्या दारूचा पहिला धडा

रायपूरचा सदर बाजार आज सराफी पेढ्यांसाठी ओळखला जातो. याच शहराच्या इतिहासात दारूगोळा हाताळणाऱ्यांचेही एक पान आहे. १८ जानेवारी १८५८ रोजी येथील छावणीत तिसऱ्या रेजिमेंटचा ‘मॅगझिन लश्कर’ हनुमान सिंह याने सार्जंट मेजर सिडवेल याला ठार केले आणि सहकाऱ्यांना बंडाची हाक दिली. बंड काही तासांतच मोडले. २२ जानेवारीस सतरा जणांना फाशी देण्यात आली; त्यांत गोलंदाज होते. हनुमान सिंह मात्र इंग्रजांच्या हाती लागला नाही. गोलंदाज काय किंवा कोठाराचा लश्कर काय, दोघांचेही काम एकाच विद्येवर उभे होते: काळी दारू कशी राखावी, कशी मोजावी आणि केव्हा पेटवावी.

या दारूचे घटक तीनच. सोरा सुमारे ७५ टक्के, कोळसा १५ टक्के आणि गंधक १० टक्के. कोळसा व गंधक हे इंधन, तर सोरा त्यांना लागणारा ऑक्सिजन पुरवतो. त्यामुळे बाहेरची हवा न मिळताही हे मिश्रण बंद नळीत जळते. जळून होणाऱ्या पदार्थांपैकी वजनाने निम्म्याहून कमी भाग वायुरूप असतो. तोच तापून प्रसरण पावतो आणि गोळीला ढकलतो. उरलेला घनरूप भाग धूर होऊन बाहेर पडतो किंवा काजळी होऊन नळीत साचतो. या काजळीत धुमसता कण राहिला, तर पुढची दारू ओततानाच पेट घेऊ शकते. म्हणूनच प्रत्येक बारानंतर तोफेची नळी ओल्या बोळ्याने पुसली जाई. ठासणीच्या बंदुकीत दारू थेट मोठ्या साठ्यातून ओतायची नाही, ती आधी वेगळ्या मापात घ्यायची, या नियमामागचे कारणही तेच. सराफ सोने तोलतो तितक्याच काटेकोरपणे येथे माप पाळावे लागते.

मराठी भाषेने या विद्येच्या खुणा जपल्या आहेत. ‘ठासून भरणे’ हा प्रयोग ठासणीच्या बंदुकीची आठवण करून देतो, आणि ‘फुसका बार’ आज थट्टेने म्हटला जात असला, तरी बंदूकधाऱ्याच्या दृष्टीने तो थट्टेचा विषय नव्हता. कानावरची रंजक भुर्रकन जळते, पण कान काजळीने चोंदलेला असेल किंवा आतली दारू ओलसर असेल, तर बार त्या क्षणी उडत नाही. आत एखादी ठिणगी धुमसत राहते आणि काही क्षणांनी बार उडतो. अशा वेळी नळीचे तोंड निर्धोक दिशेला ठेवून थांबणे, हाच काळ्या दारूचा पहिला धडा होय.

तरुणांना दारूचे कौतुक वाटणे नवे नाही. महादजी शिंदे यांनी सवाई माधवराव पेशव्यांना कोट्याच्या दिवाळीतील ‘दारूच्या लंके’चे वर्णन ऐकवले आणि तरुण पेशव्यांच्या इच्छेवरून तशीच आतषबाजी पुण्यात पर्वतीपाशी झाली, असे बखरीत आहे. भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर लिहिताना प. कृ. गोडे यांनी या प्रसंगाची दखल घेतली. तेथे पेटवणारे जाणते होते आणि पाहणारे दूर होते.

छत्तीसगडमध्येच याहून निर्धोक अशी एक परंपरा आहे. जगदलपूरच्या गोंचा उत्सवात, जगन्नाथाच्या रथयात्रेच्या वेळी, लहानथोर बांबूची ‘तुपकी’ चालवतात. पोकळ बांबूच्या एका टोकाला मालकांगणीचे फळ बसवायचे आणि मागून दुसरे फळ काडीने रेटायचे. मधली हवा दाबली जाते, तिचा दाब वाढतो आणि पुढचे फळ आवाज करीत उडते. बंदुकीच्या नळीतले तत्त्व येथे आहे, दारू नाही. बॉईलचा नियम शिकवायला यापेक्षा चांगले साधन शोधावे लागेल.

याच्या नेमके उलट चित्र २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात दिसले. पाइपपासून बनवलेल्या ‘कार्बाइड गन’मध्ये कॅल्शियम कार्बाइड व पाणी यांपासून ॲसिटिलीन वायू तयार होतो. तो पेटला की स्फोट होतो. अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, काहींची दृष्टीही गेली. बार उडाला नाही म्हणून नळीत डोकावणे, हे त्या इजांमागचे एक कारण होते. नळीत दारू असो वा ॲसिटिलीन, फुसक्या बाराचा नियम बदलत नाही. मुलांच्या हाती साधन आले, नियम मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

भारतात ठासणीची बंदूकही शस्त्र कायद्याखाली येते. २१ वर्षांखालील व्यक्तीला अग्निशस्त्र बाळगता येत नाही, मात्र प्रशिक्षणासाठी ठरावीक अटींवर मुभा आहे. परवान्याशिवाय दारू बनवणे हाही गुन्हाच. म्हणून घरातील मुलांना या विषयाची ओळख करून द्यायची असेल, तर तुपकीने दाब समजावावा, संग्रहालयात बंदुकीचा कान दाखवावा आणि नेमबाजी मान्यताप्राप्त केंद्रात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकवावी. नेम धरणे नंतरही शिकता येते. बार उडाला नाही तर काय करायचे, हे मात्र आधी ठाऊक हवे.