वैद्याचे वेतन आणि मजुराचा दिवस

वैद्याला मोबदला किती असावा, हा वाद आजचा नव्हे. निरनिराळ्या देशांची नाणी एकमेकांशी ताडून मात्र त्याचा उलगडा होत नाही. त्याकरिता त्या त्या देशातील कष्टकऱ्याची कमाई हेच माप आम्हांस योग्य वाटते.

बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने इसवी सनापूर्वी 1750 च्या सुमारास आपले कायदे शिळेवर कोरविले. शस्त्रक्रियेने प्राण वा डोळा वाचविणाऱ्या वैद्यास प्रतिष्ठित नागरिकाने 10 शेकेल चांदी द्यावी, सामान्य माणसाने 5 द्यावी आणि दासाकरिता त्याच्या धन्याने 2 द्यावी, असे दर त्यात आहेत. त्याच शिळेवर मजुराचा रोज वर्षाच्या पहिल्या पाच महिन्यांत 6 जव चांदी असा दिला आहे. आणि 180 जवांचा एक शेकेल होई. म्हणजे सामान्याचा डोळा वाचला, तरी त्यापायी मजुराची 150 दिवसांची कमाई जाई! वैद्याची जोखीमही लहान नव्हती. प्रतिष्ठित रोगी शस्त्राखाली दगावला, तर वैद्याचे हात तोडावेत, अशी आज्ञा होती.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजसेवकांच्या वेतनाची यादी आहे. तीत सैन्याचा वैद्य, घोडे शिकविणारा आणि वर्धकी, म्हणजे सुतारकामातील अधिकारी पुरुष, हे तिघे 2,000 पणांच्या एकाच पायरीवर आहेत. ज्योतिषी व पौराणिक यांस 1,000, तर साध्या कारागिरास 120 पण. वैद्य कारागिराहून सोळापट वर, पण निष्णात वर्धकीच्या बरोबरीस! शिवाय हे वेतन रोग्याने नव्हे, राजकोशाने द्यावयाचे.

विसाव्या शतकात सोव्हिएत संघाने वैद्यक सर्वस्वी सरकारी केले. 1970 च्या दशकात तेथील सुमारे 70 टक्के डॉक्टर स्त्रिया होत्या, आणि आरोग्यसेवेतील सरासरी पगार कारखान्यांतील पगाराहून कमी होता. उपचार विनामूल्य होते खरे. परंतु डॉक्टरांच्या हाती गुपचूप भेटी ठेवण्याची रीत रूढ झाली. याउलट अमेरिकेत साध्या कुटुंब-डॉक्टरची कमाईही सरासरी नोकरदाराच्या तिपटीहून अधिक आहे. त्यामागे दीर्घ व महागडे शिक्षण आणि त्यापायी झालेले कर्ज आहे. पण औषधोपचाराच्या देण्याखाली दबलेली कुटुंबेही त्याच देशात आहेत. ब्रिटनने 1948 साली निराळी वाट धरली: डॉक्टरला मोबदला मिळावा, पण तो मुख्यत्वे करातून, आजाऱ्याच्या खिशातून नव्हे.

या सर्वांवरून आम्हांस एवढेच दिसते की, वैद्याचे वेतन किती, याइतकाच ते कोणाच्या पदरचे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वेतन तुटपुंजे असले, तर ते आडमार्गाने वसूल होते; त्याचा सगळा भार रोग्यावर पडला, तर गरीब दारातूनच परततो. आपली देवस्थाने व संस्था धर्मार्थ दवाखाने चालवितात. त्यांच्या विश्वस्तांनी डॉक्टरांचे मानधन ठरविताना इतर सेवकांच्या पगाराकडे पाहावे, आणि रोग्याकडून शुल्क घेताना त्यापायी त्याचे किती दिवसांचे श्रम जातात, तेही मोजावे.