सहकार आणि सहकार्य : भारतीय लढाऊ विमानाचे तीन प्रयत्न

मराठीत ‘सहकार’ आणि ‘सहकार्य’ हे शब्द एकाच धातूपासून सिद्ध झाले असले, तरी व्यवहारात त्यांचे अर्थ भिन्न आहेत. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून महाराष्ट्रात ‘सहकार’ म्हटले की सभासदत्व, भागभांडवल आणि प्रत्येक सभासदास एक मत ही कल्पना मनात येते. ‘सहकार्य’ हा शब्द मात्र अधिक सैल आहे. त्यात एकाने द्यावे व दुसऱ्याने घ्यावे इतकेच अभिप्रेत असू शकते. निर्णय कोणी घ्यावयाचा, हे त्यात सांगितलेले नसते. राष्ट्राराष्ट्रांनी मिळून लढाऊ विमान निर्माण करण्याच्या उद्योगाचा इतिहास पाहू लागल्यास हा भेद केवळ शब्दार्थापुरता राहत नाही. भारताने या क्षेत्रात केलेल्या तीन प्रयत्नांचे परीक्षण या भेदाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिला प्रयत्न ‘एचएफ-२४ मरुत्’ या विमानाचा होय. शिवाजी पार्कपासून फार दूर नसलेल्या वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात या जातीचे एक विमान प्रदर्शनार्थ ठेवण्यात आले, आणि दुसरे एक जर्मनीतील डॉइचेस म्युझियमच्या संग्रहात गेले. या दोन स्थळांवरूनच त्याच्या जन्मकथेतील दोन देशांची ओळख पटते. वेदांतील मरुत् हे एकटे येत नाहीत. ते गणाने संचार करणारे, इंद्राचे सहचर आहेत. ज्या विमानामागे अनेक देशांचे हात होते त्यास हे नाव मिळावे, हे अर्थपूर्ण होय.

ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान देशातच तयार व्हावे, अशी वायुदलाची मागणी होती. त्यासाठी जर्मन अभिकल्पक कुर्ट टांक हे १९५६ साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. दुसऱ्या महायुद्धातील ‘फॉके-वुल्फ १९०’ हे विमान त्यांच्याच नावाशी निगडित आहे. युद्धानंतर त्यांनी काही वर्षे अर्जेंटिनात काम केले होते. तथापि बंगळूर ही त्यांच्यासाठी कोरी पाटी नव्हती. कोल्हापूर भागातील हसूर येथे १९०८ साली जन्मलेले आणि ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी तेथे विमान-अभिकल्पनेचा पाया आधीच घातला होता. त्यांचे ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान १९५१ साली आकाशात गेले होते. जर्मन विद्या या मार्गाने भारतात एकदा आधीच पोहोचली होती, ही गोष्ट टांक यांच्या आगमनाची चर्चा करताना सहसा दुर्लक्षिली जाते.

१९५९ मध्ये विमानाच्या पूर्णाकृती लाकडी ग्लायडरवर चाचण्या झाल्या आणि १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी मरुत्‌चे पहिले उड्डाण केले. विमानाचा सांगाडा उत्तम होता. उणीव होती ती इंजिनाची. त्यात बसविलेल्या दोन ब्रिटिश ‘ऑर्फियस ७०३’ इंजिनांचा रेटा प्रत्येकी सुमारे ४,८५० पौंड होता. विमानाची रचना मात्र त्याहून बलवान ‘ऑर्फियस १२’ गृहीत धरून केलेली होती. ते इंजिन विकसित करण्याचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न उभा राहिला. दुसरे गिऱ्हाईक उरले नव्हते, भारत सरकारने तो भार स्वीकारला नाही आणि काम थांबले. परिणामी ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेले विमान ध्वनिवेगाच्या आसपासच राहिले.

यानंतरचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. त्याच काळात इजिप्त हा देश विली मेसरश्मिट यांच्या मार्गदर्शनाखाली ‘एचए-३००’ हे विमान घडवीत होता आणि ऑस्ट्रियन अभियंते फर्डिनांड ब्रांडनर हे त्यासाठी ‘ई-३००’ इंजिन तयार करीत होते. इजिप्तजवळ इंजिन होते, भारताजवळ सिद्ध विमान होते. ७ मार्च १९६४ रोजी ‘एचए-३००’ चे पहिले उड्डाण केले ते कपिल भार्गव या भारतीय वैमानिकाने. पुढे एक मरुत् इजिप्तला पाठविण्यात आले आणि १९६७ पासून त्यात ‘ई-३००’ ची उड्डाणचाचणी होऊ लागली. दोन नवस्वतंत्र देश येथे परस्परांच्या गरजेच्या वस्तू घेऊन समान पायरीवर उभे होते; ‘सहकार’ या शब्दाच्या अधिकाधिक जवळ येणारा प्रसंग या सबंध इतिहासात हाच. परंतु १९६७ च्या युद्धाने इजिप्तचे कंबरडे मोडले, १९६९ मध्ये तो प्रकल्प बंद पडला आणि मरुत्‌चा हा मार्गही खुंटला. भारतातच आफ्टरबर्नर जोडून रेटा वाढविण्याचा यत्न झाला. त्या विमानाच्या चाचणीत १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास यांना प्राण गमवावे लागले. एकूण १४७ मरुत् विमाने बांधण्यात आली. १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर त्यांनी चांगली कामगिरी केली आणि १९९० मध्ये ती निवृत्त झाली.

दुसरा प्रयत्न नाशिकजवळील ओझरचा. १९६२ साली सोव्हिएत संघाशी मिग-२१ बाबत करार झाला. त्यानुसार सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादेस, अशी विभागणी झाली. या काळात संरक्षणमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. ओझरने पुढे मिग-२७ आणि, २००० सालच्या करारान्वये, सुखोई-३० एमकेआय ही विमाने बांधली. या शेवटच्या विमानात रशियन सांगाड्यावर फ्रेंच, इस्रायली व भारतीय उपकरणे एकत्र आली. हजारो कुशल हात यातून तयार झाले, हे ओझरचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु परवान्याने ‘कसे करावे’ हे मिळते. ‘असेच का करावे’ हे मिळत नाही. आराखड्यात बदल करण्याचा अधिकार मूळ धन्याकडेच राहिला.

तिसरा प्रयत्न ही उणीव भरून काढण्यासाठीच होता. पाचव्या पिढीच्या विमानासाठी भारत व रशिया यांच्यात २००७ मध्ये करार झाला आणि डिसेंबर २०१० मध्ये प्राथमिक अभिकल्पनेसाठी २९.५ कोटी डॉलरचा करारनामा झाला. येथे तारखांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या रशियन विमानावर ही योजना आधारलेली होती, त्याचे पहिले उड्डाण २९ जानेवारी २०१० रोजी, म्हणजे करारनाम्याच्या जवळजवळ अकरा महिने आधी, होऊन गेले होते. मूळ आकार ठरून गेल्यावर अभिकल्पनेत वाटेकरी होणे म्हणजे घर बांधून झाल्यावर नकाशावर सही करणे होय. खर्च, तंत्रज्ञानाची देवघेव आणि कामाचा वाटा यांवर मतभेद राहिले आणि २०१८ मध्ये भारताने या योजनेतून अंग काढून घेतले.

हे केवळ भारताच्याच वाट्यास आले, असे नव्हे. ब्रिटन, इटली व जपान यांनी डिसेंबर २०२३ मध्ये तहच करून संयुक्त विमानाची संस्था स्थापण्याचे ठरविले. उलट फ्रान्स, जर्मनी व स्पेन यांच्या योजनेत नेतृत्व कोणाचे, यावरून उठलेले वाद २०२५ पर्यंत शमले नव्हते. तीन समर्थ देश एकत्र आले तरी मताधिकाराचा प्रश्न सुटत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

या तीन प्रयत्नांतून तीन प्रकारचे सहकार्य दिसते. मरुत्‌मध्ये व्यक्तींची विद्या मिळाली, ओझरला परवाना मिळाला, आणि तिसऱ्या खेपेस भागीदारीचे नाव मिळाले. पहिल्यात अभिकल्पना स्वतःची होती, पण इंजिन परक्याच्या निर्णयावर अवलंबून राहिले. ही अडचण आजही सरलेली नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेले पहिले तेजस एमके-१ए उडाले. परंतु त्याच्या अमेरिकन इंजिनांपैकी पहिले येण्यास मार्च २०२५ उजाडला होता आणि वायुदलाची प्रतीक्षा त्यामुळे लांबली.

तात्पर्य, विमानाच्या संयुक्त निर्मितीचे मूल्यमापन करारातील रकमेवरून किंवा विमानांच्या संख्येवरून करता येत नाही. मूळ रेखा आखली जात असताना कोण उपस्थित होते आणि इंजिनाचा निर्णय कोणाच्या हाती होता, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. प्रवरेच्या काठच्या शेतकऱ्याने भाग घेताना मताचा हक्क मागून घेतला होता. विमानविद्येच्या क्षेत्रात तो हक्क केवळ मागून मिळत नाही; त्यासाठी सोबत आणण्यासारखे स्वतःचे काही असावे लागते. १९६४ मध्ये ते भारताजवळ होते, आणि म्हणूनच अयशस्वी ठरलेला तो इजिप्तचा प्रसंग यशस्वी परवान्यांहून अधिक अभ्यसनीय आहे.