माहीमची खाडी आणि नौकांचे स्थित्यंतर

माहीम हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. त्याच्या उत्तरेस मिठी नदी समुद्रास मिळते. तेथील खाडी उथळ व गाळाची असून ओहोटीच्या वेळी तिचा बराचसा तळ उघडा पडतो. जहाजांचा आकार वाढत गेला, तशी पाण्याची खोली बंदराचे भवितव्य ठरवू लागली. माहीमचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण होय.

मध्ययुगीन नौकांना उथळ पाण्याची अडचण नव्हती. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर डोलकाठी व वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरलेल्या आहेत. अरबी समुद्रातील पुष्कळशा व्यापारी नौकांच्या फळ्या त्या काळी काथ्याने शिवीत. अशी लवचिक नौका वाळूवर टेकली, तरी सहसा फुटत नसे. १४२९ च्या सुमारास बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने माहीम घेतले, तेव्हा गुजरातच्या सुलतानाने आरमार पाठवून ते परत मिळविले. एवढ्या खटाटोपावरूनच या ठाण्याचे तत्कालीन महत्त्व ध्यानात येते.

पोर्तुगीजांबरोबर तोफा वाहणारी, खोल बुडीची जहाजे आली. १६६५ मध्ये मुंबई हाती आल्यावर इंग्रजांनी बेटाच्या पूर्वेकडील खोल व सुरक्षित बंदर जवळ केले. माहीमकडे किल्ला, जकात आणि वांद्र्याला जाणारी तर एवढेच उरले. पूर्व किनाऱ्यावर मात्र सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया व त्यांचे वंशज सागवानी जहाजे बांधू लागले. फळ्यांच्या कडांना खाचा पाडून त्या एकमेकींत बसवीत व फटींत कापूस भरीत. सागातील तेलामुळे लोखंडी खिळे लवकर गंजत नसत. ओकच्या लाकडात तसे होत नसे. येथे १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अद्याप जतन केलेले आहे. मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुएझला गेली; तिच्यात कोळसाच इतका भरावा लागे, की इतर मालाला जागा उरत नसे.

१८४५ मध्ये आवाबाई जमशेटजी यांच्या सु. दीड लाख रुपयांच्या देणगीतून माहीम-वांद्रे बांधरस्ता पूर्ण झाला आणि तरीचे प्रयोजन संपले. कोळ्यांच्या होड्या मात्र टिकल्या. १९५० नंतर त्यांना हळूहळू यंत्रे बसून शिडे मागे पडली. २००९ पासून उपसागरावर सागरी सेतू उभा आहे. त्या होड्यांना आजही भरती-ओहोटीचे गणित सांभाळावे लागते.